जखमेचं तेल

चिडाचं, म्हणजे हिमालयातल्या पाइनचं, झाड आमच्या घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. सांगलीकडे ते दिसणार तरी कुठे? पण त्याचा वास मात्र घरातल्या प्रत्येकाच्या नाकाला पाठ होता. दिवाळीच्या आधी दारं-खिडक्यांना ऑइलपेंट लागायचा. रंगारी डालड्याच्या रिकाम्या डब्यात टर्पेंटाइन, म्हणजे चिडाच्या चिकातून निघणारं तेल, ओतून त्यात ब्रश बुचकळून ठेवायचा आणि पुढचे दोन दिवस आमटीलाही तोच वास यायचा. आजोबांच्या गुडघ्यांसाठी मेडिकलमधून लिनिमेंटची, म्हणजे चोळायच्या औषधाची, बाटली यायची. पांढरं, दाट औषध, वर 'हलवून वापरा' आणि 'फक्त बाह्य वापरासाठी' अशा दोन सूचना. उघडलं की पुन्हा तोच वास, जोडीला कापूर. सर्दी झाली की छातीला व्हिक्स. त्या डबीवर बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात, त्यात मेन्थॉल, कापूर, निलगिरी यांच्या पंगतीला तारपीनचं तेलही, म्हणजे टर्पेंटाइनच, बसलेलं असतं. न्हाणीघरात पांढरं फिनेल. आणि संध्याकाळी देवापुढे कापूर. त्या कापराचा चिडाशी काय संबंध, ते पुढे सांगते.

एवढं सगळं मागे असताना दोन-तीन वर्षांपूर्वी भाचीनं एक तपकिरी काचेची, बोटाएवढी बाटली माझ्या हातात ठेवली. "मावशी, पाइनचं एसेन्शियल ऑइल आहे. डिफ्यूझरमध्ये चार थेंब टाकत जा, बघ कसं फ्रेश वाटतं!" डिफ्यूझर म्हणजे सुगंधी तेल हवेत पसरवणारं छोटं यंत्र. सोबत घडी घातलेलं माहितीपत्रक. सर्दी, कफ, दमा, सांधेदुखी, स्नायूंचा ताण, मुरुमं, कोंडा, थकवा, चिंता, निद्रानाश, डास आणि वर फ्रिजमधला कुबट वास. सगळ्यावर हेच तेल. नोकरीभर अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे असलं काही वाचलं की मला आधी हसू येतं आणि मग खोदकाम सुरू होतं.

खोदल्यावर लक्षात आलं की पत्रकात धडधडीत खोटं असं फार नव्हतं. घोटाळा वेगळाच होता. तीन वेगवेगळ्या तेलांचे गुण उचलून एकाच बाटलीच्या खात्यात जमा केले होते.

पहिलं तेल सुयांचं. पाइनच्या झाडाला पसरट पानं नसतात, लांब हिरव्या सुया असतात. त्या आणि कोवळ्या डहाळ्या भट्टीत घालून वाफ सोडायची, वाफेबरोबर वर आलेलं तेल थंड करून पाण्यावरून वेगळं काढायचं. शंभर किलो माल घातला तर अर्धा किलो तेलही हाती लागत नाही. अरोमाथेरपीच्या, म्हणजे सुगंधोपचाराच्या, बाटलीत असायला हवं ते हे. माझ्या बाटलीवर शास्त्रीय नाव होतं पायनस सिल्व्हेस्ट्रिस. हे झाड युरोप आणि सैबेरियातलं, त्याला स्कॉट्स पाइन म्हणतात. वेष्टनावर मात्र आपला बर्फाच्छादित हिमालय! हिमालयाच्या उतारावर जे पाइन आपण बघतो ते बहुतेक चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्गाय. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात, स्कॉट्स पाइनच्या दोन-दोनच्या. ज्याला झाड ओळखायचंय त्यानं फुलाफळाच्या नादी न लागता सुया मोजाव्यात.

दुसरं तेल चिकाचं. खोडाला खाच पाडली की घट्ट चीक पाझरतो. तो उकळला की वाफेबरोबर निघून जातं ते टर्पेंटाइन आणि भांड्यात उरतं ते रोझिन. तिसरं तेल कारखान्यात जन्माला येतं. टर्पेंटाइनमधल्या अल्फा-पायनीन या घटकावर आम्ल आणि पाणी यांची प्रक्रिया करून टर्पिनिऑल नावाचं रसायन करतात, आणि त्या मिश्रणाला व्यापारात 'पाइन ऑइल' म्हणतात. फिनेलमध्ये जातं ते हे. खनिजाच्या भुकटीतून धातूचे कण फेसाबरोबर वर आणायलाही हेच तेल वापरत आलेत. म्हणजे 'पाइन ऑइल जंतुनाशक आहे' हे वाक्य तिसऱ्या तेलाचं, 'सांध्यांना चोळा' हे दुसऱ्याचं आणि 'उशीवर दोन थेंब टाका' हे पहिल्याचं. ऑनलाइन घेताना नुसतं 'पाइन ऑइल, शुद्ध, नैसर्गिक' एवढंच लिहिलेलं असेल तर यातलं नेमकं कोणतं घरी येणार, याचा भरवसा नसतो.

खरं चीड मी पाहिलं ते उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये. नैनिताल, राणीखेत, कौसानी ही आपल्या मंडळींची ठरलेली वारी. गाड्या भरभरून पुण्या-नाशिकची माणसं तिथे भेटतात आणि कौसानीच्या अनासक्ती आश्रमासमोर पोह्यांच्या आठवणी काढतात. भवालीहून अल्मोड्याकडे उतरताना ड्रायव्हरनं चहासाठी गाडी थांबवली. मे महिन्यातली दुपार. उन्हात तापलेल्या सुयांचा जाड थर पायाखाली, त्यावरून चपला घसरत होत्या. तिकडे त्या वाळक्या सुयांना पिरूल म्हणतात. रस्त्याच्या वरच्या अंगाला ओळीनं खोडं सोललेली दिसली. हातभर उंचीचा साल काढलेला पट्टा, त्याच्या मधोमध एक सरळ खाच आणि दोन्ही बाजूंनी तिला येऊन मिळणाऱ्या तिरक्या खाचा. तळाशी ठोकलेली पत्र्याची पन्हळ आणि तिच्याखाली निमुळतं भांडं. त्यात चीक साचलेला, थंडीत थिजलेल्या मधासारखा, वर दोन-तीन मुंग्या अडकलेल्या.

काम करणारा नेपाळहून आलेला होता. हातात छोटं वाकडं हत्यार. जुन्या खाचेच्या वर एक नवी तिरकी खाच त्यानं एका ओढीत पाडली, मग प्लास्टिकच्या बाटलीतून तिच्यावर काहीतरी फवारलं. ते पातळ केलेलं आम्ल. त्यानं जखम लवकर भरत नाही आणि चीक वाहता राहतो. काही दिवसांनी पुन्हा वर एक खाच. असं मार्चपासून थंडी पडेपर्यंत चालतं. "दीदी, हाथ मत लगाना, छूटेगा नहीं," तो म्हणाला. मी बोट लावलंच. बाटलीतलं पाणी गेलं, पेपर सोप गेला, बोटं एकमेकांना चिकटलेलीच. शेवटी चहावाल्या बाईनं हातावर मोहरीचं तेल घातलं तेव्हा कुठे सुटलं. तेलात तेल विरघळतं हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल!

तिकडे या चिकाला लीसा म्हणतात. झाडाला तो लागतो स्वतःसाठीच. खोड पोखरणारा किडा आत शिरायला लागला किंवा फांदी मोडली की तिथे चीक धावून येतो. किडा त्यात गुदमरतो, बुरशीला त्यातले वास मानवत नाहीत. मग हवेशी गाठ पडली की पातळ भाग उडून जातो आणि घट्ट भागाची खपली धरते. पातळ भाग म्हणजे टर्पेंटाइन, खपली म्हणजे रोझिन. माणसानं पुढे या चिकाचे जे काही उपयोग केले ते सगळे या दोन स्वभावांतून निघालेत. जे विरघळवतं आणि मग स्वतः उडून जातं ते रंगाऱ्याला हवं असतं, शिळाप्रेसवाल्याला दगडावरचं चित्र धुवायला हवं असतं, आणि आपल्याला नाक चोंदल्यावर हवं असतं. जे धरून ठेवतं ते व्हायोलिन वाजवणाऱ्याला गजावर घासायला लागतं, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला सोल्डरिंगला लागतं, कागदाच्या गिरणीत शाई फुटू नये म्हणून लागतं. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात गंधाबिरोजा मागितला तर पुडीत बांधून मिळतो तो हाच चीक. आयुर्वेदात या झाडाला सरल आणि चिकाला श्रीवेष्टक म्हणतात.

कालिदासानंही हिमालयाचं वर्णन करताना हा वास जखमेशीच जोडलाय. हत्ती गालांची खाज शमवायला सरल वृक्षांना अंग घासतात, साली निघून चीक पाझरतो आणि त्याच्या गंधानं डोंगरमाथे दरवळतात, असं तो म्हणतो. मला या माणसाच्या निरीक्षणाचं नेहमी नवल वाटतं. झाडाला ओरखडा पडल्यावरच वास सुटतो, हे त्यानं बरोबर टिपलंय. आता तिथे हत्तींच्या जागी कंत्राटदार आलेत एवढंच.

कुमाऊंमध्ये लीसा काढायला सुरुवात केली इंग्रजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. पुढे बरेलीला टर्पेंटाइन आणि रोझिनचा मोठा कारखाना उभा राहिला. जंगलं राखीव झाली, गावकऱ्यांची चराई आणि लाकूडफाटा बंद झाला, आणि सरकारला पैसा देणारं चीड मात्र वाढत गेलं. 1921 च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणीच्या जत्रेत लोकांनी बेगारीच्या, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी कामाच्या, वह्या सरयू नदीत बुडवल्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंची जंगलं पेटवली गेली हे कमी सांगितलं जातं. लोकांनी पेटवली ती मुख्यतः चिडाची सरकारी जंगलं, जिथे चीक काढायचं काम चालू होतं ती. गुरांना पाला आणि झऱ्यांना पाणी देणारी बांजाची, म्हणजे ओकची, रानं त्यांनी सोडून दिली. राग असा नेमका होता.

आणि मग 1977. चिपको म्हटलं की आपल्याला झाडाला मिठी मारलेल्या बायका आठवतात. टिहरी गढवालमधल्या हेंवल नदीच्या खोऱ्यात त्या वर्षी मे महिन्यात आंदोलकांनी वेगळंच केलं. वारेमाप खाचा पाडून पोखरलेल्या चिडांच्या खोडांतले लोखंडी पत्रे त्यांनी उपसून काढले आणि जखमांवर मातीचा लेप देऊन गोणपाट बांधलं. झाडांची मलमपट्टी! एसेन्शियल ऑइलच्या जाहिरातीत झाडाबद्दल फार कृतज्ञता असते, पण हा प्रसंग तिथे कोणी छापत नाही.

चीड हा खलनायक आहे असं म्हणायचा माझा हेतू नाही. ते खडकाळ, उजाड उतारावर उगवतं, जिथे दुसरं काही धरत नाही. पण पिरूल पेटतो फार लवकर, कारण त्यात तेच तेल असतं. 2016 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये उत्तराखंडात वणवे एवढे पसरले की हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणून वरून पाणी टाकावं लागलं. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं पिरूलचा खरेदीदर किलोला 50 रुपये जाहीर केला, लोकांनी तो जंगलातून उचलून आणावा म्हणून. सुया उचलणं हे सोपं काम नाही. एक पोतं भरायला किती वेळ लागतो ते त्या घसरड्या उतारावर चार पावलं चालून बघावं.

जाता जाता एक. कोकणात किनाऱ्यावर जी उंच, सळसळणारी झाडं दिसतात त्यांना आपले पर्यटक खुशाल पाइन म्हणतात. ते सुरूचं झाड. त्याचा पाइनशी काडीचा संबंध नाही. त्याच्या 'सुया' ओढून पाहा, पेराला सुटतात, कारण त्या सुया नसून बारीक फांद्या असतात. चुरगळून वास घेतला तरी काही येत नाही. दिवेआगरला 'पाइन फॉरेस्टमध्ये फॉरेस्ट बाथिंग' अशी एक पाटी पाहिली तेव्हा मी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

आता कापूर. मूळचा कापूर निघायचा कापराच्या झाडाच्या लाकडापासून. ही झाडं पूर्व आशियातली. तैवान जपानच्या ताब्यात होतं तेव्हा 1899 मध्ये तिथला कापूर सरकारी मक्तेदारीत गेला. त्या काळी कापराला मागणी पूजेपेक्षा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकसाठी होती. कंगवे, खेळणी, मूकपटांच्या फिल्मा, सगळ्यात कापूर पडायचा. मग रसायनशास्त्रज्ञ कामाला लागले. फिनलंडच्या गुस्ताफ कोम्पा यांनी 1903 मध्ये प्रयोगशाळेत कापूर घडवला, आणि पुढच्या काही वर्षांत टर्पेंटाइनपासून कापूर करण्याचे कारखाने निघाले. पायनीनपासून कॅम्फीन, कॅम्फीनपासून आयसोबॉर्निल अॅसिटेट, त्यापासून आयसोबॉर्निऑल आणि शेवटी कापूर. आपल्याकडे बरेलीलाच 1960 च्या दशकात असा कारखाना सुरू झाला. पूजेच्या दुकानात मिळणाऱ्या कापराच्या वड्या आज बहुतांशी याच वाटेनं येतात.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. "म्हणजे मॅडम, आरतीत आपण पाइन जाळतो?" हो रे बाबांनो. मग हमखास पुढचा प्रश्न, "म्हणजे तो नकली?" इथे मी खडू खाली ठेवायचे. रेणू तोच. झाडाच्या कापरात सगळे रेणू एका हाताचे असतात, कारखान्याच्या कापरात उजवे-डावे, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले, निम्मे निम्मे. ज्योत दोघांची सारखी, काजळी दोघांची सारखी. देवाला फरक पडत असेल असं मला वाटत नाही. मात्र 'नैसर्गिक' या शब्दासाठी जी माणसं चौपट पैसे मोजतात त्यांना हा धडा परत घ्यायला लावावा असं अजूनही वाटतं.

फिनेलचं काय, तर ते आमच्या कॉलनीत बचत गटाच्या बायका करतात. त्यातल्या एका काकूंनी मला एकदा समोर करून दाखवलं. बाजारातून पिवळसर, दाट कंपाउंड आणायचं. त्यात पाइन ऑइल आणि साबणासारखा एक घटक आधीच घोटलेला असतो. बादलीत पाणी घ्यायचं, कंपाउंडची धार सोडायची आणि लाकडी दांड्यानं एकाच दिशेनं ढवळायचं. धार पाण्यात पडल्याबरोबर पांढरे ढग उठतात आणि बघता बघता बादली पांढरीशुभ्र. तेल पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत राहतात आणि उजेड विखुरतात, म्हणून पांढरं. काकूंना हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "ते तुमचं बरोबरच असेल हो, पण पाणी खारं असलं की फुटतं, मी टाकीचं पाणी घेत नाही." क्षारयुक्त पाण्यात साबण फुटतो, इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं ते पांढरं मिश्रण, फाटतं. एका वाक्यात काकूंनी माझा अर्धा धडा घेतला.

हे फिनेल जंतू मारतं का? काही मारतं. पोटात बिघाड करणाऱ्या जंतूंवर पाइन ऑइल बऱ्यापैकी चालतं, पण जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर ते दुबळं पडतं. शिवाय पुसलं की लगेच वाळवलं तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही. ते फरशीवर थोडा वेळ ओलं राहायला हवं. आपण मात्र वासावरून स्वच्छता मोजतो. अमेरिकेत 1929 मध्ये निघालेलं पाइन-सॉल नावाचं फरशी पुसायचं द्रव घराघरांत पोहोचलं ते या वासाच्या जोरावर. गंमत म्हणजे आता त्याच्या मूळ प्रकारातही पाइन ऑइल उरलेलं नाही, वास तेवढा ठेवलाय.

राहता राहिलं अंग आणि मन.

सांध्यांना चोळलं की बरं वाटतं, हे खरं आहे. आजोबांना वाटायचं, मलाही वाटतं. टर्पेंटाइन कातडीला चाळवतं, तिथे रक्त धावतं, ऊब येते, आणि आतल्या ठणक्याकडचं लक्ष वरच्या चुरचुरीकडे वळतं. चोळणाऱ्याच्या हाताचाही त्यात वाटा असतोच. पण त्यानं झिजलेला गुडघा भरून येत नाही. सुयांचं तेल चोळायचं असेल तर कधीही नुसतं नको. तीस मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब, त्याहून जास्त नाही, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं.

नाकाचं प्रकरण मजेदार आहे. मेन्थॉलवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की वास घेतल्यावर माणसाला नाक मोकळं वाटतं, पण मोजायला गेलं तर आत-बाहेर जाणारी हवा तेवढीच असते. थंडाव्याची जाणीव मेंदूला 'मोकळं झालं' म्हणून सांगते. पाइनचा वासही मला याच जातीचा वाटतो. पण सर्दीच्या रात्री 'मोकळं वाटणं' हे काही कमी नाही, तेवढ्यावर झोप लागते. दम्याच्या माणसाला मात्र हाच वास धाप लावू शकतो, आणि पत्रकात नेमकं 'दमा' लिहिलेलं होतं. तो शब्द मी पेननं खोडला.

लहान मुलांच्या बाबतीत मी याहून कडक आहे. आमच्या नात्यात एका तान्ह्या बाळाला सर्दी झाली म्हणून घरातल्या मोठ्या बाईनं प्रेमानं नाकाखाली कापूर घातलेलं तेल लावलं. बाळ श्वास कोंडल्यासारखं करायला लागलं, मग रात्री रिक्षा, दवाखाना. बाळ सुखरूप राहिलं. पण कापूर काय, टर्पेंटाइन काय, तान्ह्याच्या नाकातोंडाजवळ यातलं काहीही न्यायचं नसतं. चार-पाच वर्षांच्या पोराच्या हाती ही सुंदर तपकिरी बाटली लागली आणि त्यानं घोटभर प्यायली तर काम गंभीर होतं. ओकारी काढायला लावू नये, कारण हे तेल पातळ असतं, ओकताना फुप्फुसात उतरतं. सरळ दवाखाना गाठावा, बाटली सोबत न्यावी. वाफाऱ्याच्या पातेल्यात थेंब टाकणाऱ्यांना एवढंच सांगेन की घरोघरी भाजण्याचे प्रसंग पातेलं कलंडूनच होतात. घरात मांजर असेल तर तिच्यासाठी ही सगळीच तेलं वाईट, फिनेलसुद्धा. ओल्या फरशीवरून ती चालते आणि मग पंजे चाटत बसते.

डासांच्या बाबतीत पत्रकाला मी मार्क देते. चिडाच्या तेलावर आपल्याकडे चाचण्या झाल्या आहेत आणि निकाल बरे आले आहेत. कोंडा, मुरुमं यांवर मात्र बशीत वाढवलेले जंतू मेले म्हणजे डोक्यावरचा कोंडा गेला, असं होत नाही.

आणि मन? 1982 मध्ये जपानच्या वनखात्यानं 'शिनरिन-योकू', म्हणजेच फॉरेस्ट बाथिंग, ही कल्पना मांडली. जंगलात जाऊन नुसतं राहायचं, श्वास घ्यायचा, चालायचं. त्यावर पुढे बरंच संशोधन झालं, ताण कमी होतो, रक्तदाब उतरतो असे निष्कर्ष आले. बाटली विकणारे हेच निष्कर्ष थेंबांना चिकटवतात. पण जंगलात माणूस चालत असतो, फोनला रेंज नसते, डोळ्यांना हिरवं आणि कानाला वारा असतो. त्यातला वासाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. बंद खोलीत तर उलटंच होऊ शकतं. पायनीनसारखे रेणू हवेतल्या ओझोनशी भिडले की त्यातून सूक्ष्म कण आणि थोडं फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायू तयार होतो. डोंगरावर हेच घडतं, आणि फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञानं 1960 मध्ये मांडलं की लांबच्या डोंगररांगांवरचा निळसर धूसरपणा झाडांच्या या वाफांमुळे येतो. डोंगरावर ते सुंदर दिसतं. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये खिडकी लावून रात्रभर डिफ्यूझर चालवला तर तेच आपण छातीत भरून घेतो.

तरीही मी डिफ्यूझर वापरते. पावसाळ्यात, जेव्हा कपडे वाळत नाहीत आणि कपाटातून ओलसर वास येतो, तेव्हा खिडकी किलकिली ठेवून अर्धा तास. तीन थेंब पुरतात. मला त्यानं उत्साह येतो की नाही, सांगता येणार नाही. भवालीच्या उतारावरचा वास मात्र तो नव्हे. तिथे तापलेली धूळ होती, चहाच्या चुलीचा धूर होता आणि बोटांना मोहरीचं तेल.

शेवटचं एक, कारण हे कोणी सांगत नाही. हे तेल जुनं होतं. बाटली वारंवार उघडली, उन्हात ठेवली की त्यातले रेणू हवेतला ऑक्सिजन घेतात. चिडाच्या टर्पेंटाइनमध्ये कॅरीन नावाचा घटक भरपूर असतो आणि तो बिघडला की कातडीला चांगलाच चावतो. रंगाऱ्यांच्या हातांना पूर्वी जो इसब व्हायचा त्याच्या मागे बऱ्याचदा हे असायचं. तेव्हा बाटलीवर उघडल्याचा महिना लिहावा, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी, आणि गॅसच्या, निरांजनाच्या जवळ कधीच नको, ही वाफ चटकन पेट घेते. वास आंबट वाटला, झाकणाच्या आट्यांवर चिकट थर धरला, की अंगाला आणि डिफ्यूझरला रामराम. फेकून मात्र देऊ नका. कॉफीच्या रिकाम्या बरणीवरचं लेबल अर्धवट फाटून डिंक उरतो ना, त्यावर हातमोजे घालून कापसानं हे जुनं तेल लावावं आणि दहा मिनिटांनी पुसावं. बरणी लख्ख. मग लिंबाचं लोणचं भरायच्या आधी ती साबणानं दोनदा धुवावी, नाहीतर लोणच्याला रंगाऱ्याचा वास येईल.